बादशहाचं कुटुंब

"मान जरा खाली. हां, अशी. आता हलू नकोस."

मी हलत नव्हतेच. हातात पूजेचं तबक होतं, तबकात कुंकवाचा करंडा आणि दोन विडे. समोर हे मांडीवर फळी घेऊन बसले होते. दुपारची वेळ. सासूबाई आतल्या खोलीत आडव्या झालेल्या. लग्नाला तीन वर्षं झाली होती, पण इतका वेळ माझ्याकडे बघत हे कधी बसले नव्हते. मला मेलं बघावं कुठं तेच कळेना.

"कुणासाठी काढताय?"

"बादशहासाठी."

"थट्टा पुरे."

"थट्टा कसली? सरकारी काम आलंय प्रेसमध्ये. बादशाही माल सप्ताह. साम्राज्यातल्या देशांनी एकमेकांचाच माल घ्यायचा, परक्याचा नाही. कुठल्याशा बेटावरची साखर, कुठल्याशा देशाचा गहू, आपला चहा, आपला कापूस. गावात मंडप पडणार, साहेब येणार. त्याची पोस्टरं."

आतून सासूबाईंचा आवाज आला. त्या झोपलेल्या नव्हत्या तर! "बादशहाला काय कमी पडलंय रे मोरू, दारोदार माल खपवत फिरायला?"

हे हसले आणि हसता हसता खोकले. खोकला सुरू झाला की लवकर थांबत नसे. मी तबक खाली ठेवायला लागले तर हातानंच 'राहू दे' म्हणाले.

आमचं गाव कृष्णाकाठचं, कोळेश्वरपेठ. तिथं बापूसाहेबांचा शिळाप्रेस होता. दगडावर चित्र काढायचं आणि त्यावरून कागद छापायचे. लाल रंगाचा दगड वेगळा, पिवळ्याचा वेगळा, निळ्याचा वेगळा. काडेपेट्यांची लेबलं, देवांच्या तसबिरी, सगळं तिथं छापायचे, आणि चित्र काढायला हे एकटे. दगड घासताना उडणारी पूड आणि तेजाबाचा वास पाच वर्षं छातीत जाऊन बसला होता. वैद्यबुवांनी औषध दिलं, पण मला बाजूला घेऊन म्हणाले होते, "देवाचं करत जा, पोरी."

म्हणून त्या आषाढी एकादशीला मी चातुर्मासाचा नेम धरला होता. रोज आंघोळ करून पाच सवाष्णींना कुंकू लावायचं, तोवर तोंडात पाण्याचा थेंब घालायचा नाही. कार्तिकी बारशीला उद्यापन. नेम सासूबाईंनीच सांगितला. "मोडू मात्र देऊ नकोस," म्हणाल्या, "त्याचा श्वास त्याच्यावर आहे."

"माझा चेहरा नका घालू हो," मी म्हटलं. "लोक ओळखतील. आणि हे तबक पूजेचं."

"तबकात मी साखर न् गहू ठेवीन, तू नुसतं धर. आणि चेहऱ्याचं म्हणशील," फळीवरून नजर न काढता हे म्हणाले, "तर दुसऱ्या कुणाचा मला येत नाही."

मी कपाळ नीट धरून बसून राहिले.

पोस्टरं लागली ती श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी. मी कोळेश्वराला बेल वाहून परत येत होते. धर्मशाळेच्या भिंतीपाशी चारपाच माणसं उभी होती, म्हणून मीही पाहिलं. दार उघडावं आणि समोर आपणच उभं असावं, तसं झालं. माझंच नाक, माझाच डावीकडे झुकलेला पदर, लाल काठाचं लुगडं. तबकात चहाचा डबा, साखर, गव्हाच्या लोंब्या, कापसाची बोंडं. खाली ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं:

'साम्राज्य हे एक कुटुंब. कुटुंबातला माल कुटुंबातच घ्यावा.'

आणि कपाळ मोकळं.

मी डोळे पुसून पुन्हा पाहिलं. रंग पुसट असेल, उन्हाची तिरीप असेल. पण नव्हतंच. कुंकू नव्हतं. टिकलीएवढा लाल ठिपकाही नव्हता. तशीच पुढे बाजाराच्या पारापर्यंत गेले, मग वेशीवर, टपालकचेरीपाशी, मामलेदार कचेरीच्या भिंतीपर्यंत. पाच ठिकाणी पाच पोस्टरं होती आणि पाचही कपाळं भुंडी.

हे जेवायला आले तेव्हा विचारलं. हे मोरीवर हात धूत होते. धूतच राहिले.

"लाल दगडाला टवका गेला," म्हणाले. "नेमका तेवढ्याच जागी."

"काठ तर लाल आलाय."

"काठ दगडाच्या दुसऱ्या अंगाला होता."

"मग पुन्हा नाही का छापता येत?"

"वेळ नाही, सगुणा. वाढ."

सासूबाई देवळातून कुणाकडून तरी ऐकून आल्या होत्या. पानावर बसलेल्या लेकाला काही बोलू नये हा त्यांचा रिवाज, पण त्या दिवशी त्यांना राहवलं नाही. "जिती सवाष्ण आहे ना रे ती! तिचं भुंडं कपाळ चव्हाट्यावर टांगून आलास?"

हे भात तसाच ठेवून उठले.

दुसऱ्या दिवशी नदीवर गेले. पाण्यात पाय टाकते तोच कुणीतरी म्हणालं, "सरा गं बायांनो, बादशहाचं कुटुंब आलं!" आणि घाटभर हशा पिकला. तेव्हा आमच्याकडे बायकोला 'कुटुंब' म्हणत. 'आमचं कुटुंब माहेरी गेलंय,' असं पुरुषमाणसं सर्रास म्हणायची. कचेरीतल्या ज्या कारकुनानं इंग्रजीतून तो मजकूर उतरवला, त्याच्या हे ध्यानात आलं नसावं. गावाच्या मात्र पहिल्या दिवशीच आलं.  गुपचूप आंघोळ केली, करंडा काढला आणि नेहमीसारखी बयोवहिनींपुढं गेले.

बयोवहिनी समोरच्या घरातल्या, वकिलांच्या. गावात सूत कातणाऱ्या बायांच्या पुढारी. विलायती कापडाच्या दुकानापुढं गिऱ्हाइकं अडवायला, निरोधनाला बसायच्या. माझ्या नेमातली पहिली सवाष्ण रोज त्याच असायच्या, आणि कपाळ पुढं करताना म्हणायच्या, "लाव बाई, तुझ्या हाताला गुण आहे."

त्या दिवशी मी कुंकवाआधी लावायच्या मेणाचं बोट पुढं केलं आणि त्यांनी कपाळ मागं घेतलं.

"तुझ्यावर राग नाही गं माझा," म्हणाल्या. "पण काल आमचं ठरलंय. बादशाही मालाची दवंडी पिटणाऱ्या घरचं कुंकू कुणी घ्यायचं नाही. आधी नवऱ्याला सांग, हे काम सोड म्हणावं."

"कुंकू देशीच आहे हो वहिनी. घरच्या हळदीचं. मी स्वतः केलंय."

कुणीतरी फिदकन हसलं. बयोवहिनी नाही हसल्या. नुसतं "जा, सगुणा," म्हणाल्या.

मग कासारांची पुतळी, गुरवाची सून, शाळामास्तरांची कावेरी, सगळ्यांपुढं गेले. कुणी पाठ फिरवली, कुणी धुण्यात डोकं घातलं. कावेरीनं तर हळूच सांगितलं, "मला चालेल गं, पण वहिनी बघतायत."

घरी आले ती कोरडीच. हे प्रेसला गेलेले. सासूबाईंना सांगितलं. त्या स्वतः विधवा, त्यांना लावता येत नव्हतं. त्या म्हणाल्या, "थांब जराशी, येईल कुणीतरी." दारात बसले. जोंधळेवाली आली, तर तीही विधवा. कुंभारीण आली, तिनं लावून घेतलं, पण दुसऱ्याच दमाला म्हणाली, "माज्या आळीत नगा येऊ हां, आयाबाया मला बी टाकतील." आणि पदरानं पुसून निघून गेली. पुसलेलं कुंकू नेमात धरायचं की नाही, ते मला कळेना.

दोन प्रहर टळले. जीभ टाळूला चिकटली होती. पण तहानेचं काही वाटत नव्हतं. यांचा सकाळचा खोकला कानात होता. आज मोडलं तर?

आणि बसल्या बसल्या मनात आलं, गावात पाच सवाष्णी आहेत. पाचही कपाळं उघडी. त्या माझ्या हातचं नको म्हणणार नाहीत.

आज कुणी हसेल. पण तेव्हा मला यात हसण्यासारखं काही वाटलं नाही. देवाच्या तसबिरीला कुंकू लावतोच ना आपण? कागदच असतो तो. उलट वाटलं, देवानंच वाट दाखवली. माझा नेमही राहील आणि त्या कपाळांवरचा अपशकुनही जाईल. करंडा पदराखाली घेतला. बाजार उन्हानं पेंगुळला होता. धर्मशाळेपाशी गेले, मेणाचं बोट कागदावर टेकवलं, वर कुंकवाची चिमूट दाबली. स्वतःच्या कपाळाला लावतो तसं, अगदी गोल. मग पार. मग वेस. पाचवं लावून घरी आले आणि तांब्याभर पाणी प्याले. त्या दुपारी हे खोकले नाहीत. खोटं नाही सांगत.

मग रोज तेच. नदीवरून येताना, कचेऱ्या उघडायच्या आत. पावसाच्या सरीनं रंग उतरलेला असायचा, मी नवा लावायची.

सहाव्या दिवशी संध्याकाळी दिवा लावून उठले तर हे दारात उभे.

"पोस्टरांच्या कपाळावर कुणीतरी लाल ठिपके काढतंय," म्हणाले. "तिकडे मध्यंतरी सत्याग्रह्यांवर गोळीबार झाला ना, मामलेदार म्हणतायत ती गोळीची खूण आहे. पोरं गावभर सांगत सुटलीत, बादशहाच्या कुटुंबाला गोळी घातली म्हणून. परवा साहेब येतोय. पहारा बसवणार आहेत."

मी वाती वळत होते. माझ्या उजव्या अनामिकेवर मेण साचून लाल झालेलं. यांनी त्या बोटाकडं पाहिलं. मग माझ्याकडं. बराच वेळ.

"उद्या नदीवर जाऊ नकोस. घरीच आंघोळ कर."

"माझा नेम आहे."

"किती राहिलाय?"

"कार्तिकी बारशीपर्यंत."

"बरं," म्हणाले. माझ्या शेजारी पाटावर बसले आणि एक वात वळायला घेतली. त्यांना जमली नाही. वाकडीच झाली. तीच मी देवापुढं लावली.

सकाळी मी गेलेच. पहाऱ्याचं भय होतं, पण नेम मोडायचं भय त्याहून मोठं होतं. चार ठिकाणी कुणी नव्हतं. पाचवी कचेरीची भिंत. बोट कागदाला टेकलं आणि मागून आवाज आला, "ए बाई! काय चाललंय तिथं?"

हवालदार. त्याच्या मागं फौजदार. हातातला करंडा मला लपवताही येईना. तेवढ्यात उजवीकडून कुणीतरी आलं आणि करंडा माझ्या हातातून काढून घेतला. हे होते. घरापासून माझ्यामागून चालत आले असावेत, धाप लागली होती.

"ती मला डबा द्यायला आलीय," हे म्हणाले. "घरी जा, सगुणा."

"डबा?" फौजदार म्हणाला. "कुंकवाचा?"

"मीच मागवला. ठिपके मी काढतो."

"पोतदार, तुम्ही प्रेसचे ना? हे चित्र तुमचंच ना?"

"माझंच. अपुरं राहिलं होतं, ते पुरं करतोय." आणि सगळ्यांदेखत यांनी करंड्यात बोट बुडवून त्या कपाळावर, मी टेकवलेल्या मेणावर, कुंकू नीट गोल भरलं. चित्रकाराचं बोट ते, जरा हललं नाही.

"अहो, काय हे?" मी कसंबसं म्हटलं. "फौजदारसाहेब, मीच..."

"सगुणा!" तीन वर्षांत पहिल्यांदा माझ्यावर आवाज चढवला. मग अगदी हळू, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाले, "तू आत गेलीस तर नेम कोण करील?"

दोन महिन्यांची सक्तमजुरी झाली. सरकारी जाहिरात विद्रूप केली आणि लोकांना चिथावलं, असं लिहिलं होतं म्हणे. यांना खडी फोडायला घातलं. ज्या माणसानं दगडावर कधी केसाएवढी रेघ चुकवली नाही, त्याला!

शिक्षेची बातमी आली त्याच दिवशी आमचा सोपा बायांनी भरून गेला. बयोवहिनी सगळ्यांपुढं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "चुकले गं मी. असा वाघ घरात असताना तुला बोलले. लाव, आधी मला लाव." आणि कपाळ पुढं केलं. त्यांच्यामागं रांग लागली. पाच हव्या होत्या, पंचवीस झाल्या. घाटावर आता माझ्यासाठी जागा करून देत. "सत्याग्रह्याचं कुटुंब आलं," म्हणत. प्रभातफेरीला पुढं चल म्हणाल्या, झेंडा हातात देतो म्हणाल्या. मी नाही म्हटलं. कसला सत्याग्रह, काय झालं होतं, कुणाला सांगू? सांगितलं असतं तरी कुणी मानलं नसतं. मी रोज खाली मान घालून कुंकू लावत होते आणि दिवस मोजत होते.

दिवाळीच्या आदल्या दिवशी हे सुटून आले. गावानं वेशीवर हार घातले. हारात माणूस कुठं आहे ते शोधावं लागत होतं, इतके वाळले होते. घरी आल्यावर म्हणाले, "नेम चालू आहे ना?"

"एक दिवस मोडला नाही."

"मग ठीक," म्हणाले, आणि भिंतीला टेकून डोळे मिटले.

त्यानंतर फारसे उठलेच नाहीत. एकदा विचारलं, "उद्यापनाला कोण कोण सवाष्णी?" मी नावं सांगितली. बयोवहिनींचं नाव ऐकून हसले. कार्तिक शुद्ध नवमीला सकाळी मी कुंकू लावून परत आले, तर सासूबाई उशाशी बसलेल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. बारशीला तीन दिवस होते.

पुढचं काय सांगायचं? बांगड्या बयोवहिनींनीच उतरवल्या. कपाळावरून ओला हात फिरवताना त्या इतक्या रडल्या की मलाच त्यांना धरावं लागलं.

तेराव्यानंतर यांची रंगांची पेटी आवरायला घेतली. ब्रश, पेन्सिली, शाई, आणि तळाशी चौघडी केलेला जाड कागद. उलगडला. पोस्टरच ते, छापून पाहिलेला पहिला नमुना. सगळं तसंच. साखर, गहू, कापूस. आणि कपाळावर कुंकू. लालभडक, नीट गोल, छापलेलं.

दगडाला टवका गेला नव्हता.

कागदाच्या कडेला पेन्सिलीनं कुणीतरी कारकुनी अक्षरात लिहिलं होतं, 'कुंकू काढणे.' त्याखाली यांचं वळणदार अक्षर, 'काढले. मो. पोतदार.' आणि तारीख. श्रावणातल्या पहिल्या शुक्रवारची. त्या दिवशी यांनी जिवतीच्या पूजेचा प्रसादही घेतला नव्हता, ते मला आठवलं.

बापूसाहेब भेटायला आले तेव्हा मी कागद त्यांच्यापुढं ठेवला. त्यांनी पाहिला आणि चष्मा काढून हातात घेतला.

"साहेबाला नमुना दाखवला होता, वहिनी. तो म्हणाला, कपाळावर हे रक्त कसलं? गोळी लागल्यासारखं दिसतं, काढा. मी मोरूला म्हटलं, तुला जड जात असेल तर राहू दे, मी दुसऱ्या कुणाकडून दगड खरवडून घेतो. तो म्हणाला, नको. माझ्या घरचं कुंकू आहे. दुसऱ्याचा हात लागायला नको."

सासूबाई खांबाला धरून उभ्या होत्या. आत निघून गेल्या.

या गोष्टीला पन्नासाहून अधिक वर्षं झाली. तो सप्ताह कधीच आटोपला, तो मंडप गेला, बादशहाही गेला. बयोवहिनी गेल्या. मी आहे. माझं उद्यापन राहिलं ते राहिलंच, आणि उद्यापन झालं नाही तोवर नेम संपत नाही असं सासूबाई म्हणायच्या. विधवेनं सवाष्णीला कुंकू लावू नये, ही रीत मी कधी मोडली नाही. पण देवघरात, देवांच्या मागं तो कागद आहे. सकाळी पूजा झाली की पाणी पिण्याआधी मी मेणाचं बोट त्याला टेकवते आणि वर कुंकू लावते. छापील कुंकवाला याची गरज नाही, ठाऊक आहे मला. तिथं आता कागद इतका झिजलाय की पलीकडचा उजेड दिसतो.

ती मात्र कधी कपाळ मागं घेत नाही.